चोवीस तासांचा भाडेकरार

मावशींची तक्रार फोनवर आली ती अशी: तळमजल्यावर नेट चालतं, दुसऱ्या माळ्यावर चालत नाही, आणि मधल्या माळ्यावर त्याच्या मनाला येईल तेव्हा चालतं. मावशी म्हणजे मित्राची आई. घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. मेट्रोच्या नकाशावर वर्सोवा असलं तरी तिथल्या माणसांच्या तोंडी ते वेसावेच. खाली त्या स्वतः आणि त्यांचा सुक्या बोंबलांचा धंदा, वरच्या दोन माळ्यांवर सिनेमा-मालिकांत काम शोधायला आलेली पाच भाडेकरू मुलं.

राउटर वजनकाट्याच्या वरच्या फळीवर होता. त्यातून निघालेली केबल जिन्यावरून थेट दुसऱ्या माळ्यावर जात होती. तिच्या टोकाच्या पिनांवर हिरवट थर चढलेला. खाऱ्या हवेत हे व्हायचंच, म्हणून पहिला संशय केबलवर घेतला. नवी लावली. काही फरक नाही.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: फोन घेऊन माळे चढलो आणि प्रत्येक माळ्यावर फोनला कोणता पत्ता मिळतो ते बघितलं. खाली १९२.१६८.१.१०३. वर १९२.१६८.०.१०५. एका घरात दोन पिनकोड! वर कोणीतरी जुना राउटर बसवून दिला होता, वाय-फायचं नाव आणि पासवर्डही खालचेच ठेवले होते, आणि खालून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचली होती. तिथवर ठीक. पण पत्ते वाटायचं त्याचं काम कोणी बंदच केलं नव्हतं.

हे वाटप होतं कसं? नव्याने आलेल्या फोनला स्वतःचा पत्ता नसतो, राउटर कुठे आहे तेही ठाऊक नसतं. म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करतो: पत्ता देणारं कोणी आहे का? राउटर एक पत्ता पुढे करतो, फोन ‘हाच द्या’ म्हणतो, राउटर ‘दिला’ म्हणतो. चार वाक्यांचा व्यवहार. त्याचं नाव डीएचसीपी. उत्तर देणारे दोघं असले तर फोन बहुधा ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता घेतो. वरच्या राउटरने पत्ता दिला की ‘बाहेर जायचं दार मीच’ असंही तो सांगे, आणि त्याच्या दाराबाहेर काहीच नव्हतं. मधल्या माळ्यावर फोन कधी खालच्याला चिकटे, कधी वरच्याला.

“आणि दिलेला पत्ता कायमचा?” मावशींनी विचारलं. नाही, मुदतीचा, या राउटरवर चोवीस तासांचा.

“म्हणजे भाडेकरार झाला की. माझ्या पोरांचा अकरा महिन्यांचा, याचा एक दिवसाचा.”

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. इंग्रजीतही त्याला लीजच म्हणतात. फक्त हा भाडेकरू जास्त शहाणा: अर्धी मुदत सरली, म्हणजे बारा तास झाले, की करार वाढवून मागतो. त्या मालकाने दादच दिली नाही तर एकविसाव्या तासाला कोणत्याही मालकाला विचारत सुटतो.

ही मुदतीची युक्ती १९९३ साली आली. आजही चालतो तो मसुदा रॅल्फ ड्रोम्स यांनी १९९७ मध्ये लिहिलेला. त्याआधी, १९८५ पासून, बूटपी नावाची पद्धत होती. तीत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता ते एखाद्या माणसाने तक्त्यात हाताने लिहून ठेवायचं. पाच भाडेकरू आणि त्यांचे मित्र असलेल्या घरात तो माणूस रडला असता.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी घरची केबल काढून वरच्या राउटरला फक्त लॅपटॉप जोडला. राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, खालचा १.१ आहे, तेव्हा टक्कर नको. मग डीएचसीपी बंद. लॅपटॉपची केबल काढून परत लावली, तर त्याने आपणच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतला. पत्ता द्यायला कोणी नसलं की असं होतं. एरवी ही वाईट बातमी. इथे ती कामाची पावती. शेवटी घरची केबल पुन्हा लॅन पोर्टमध्ये. ती वॅन पोर्टमध्ये लावूनही नेट चाललं असतं, पण वर वेगळं नेटवर्क झालं असतं आणि माळा चढल्यावर मावशींच्या फोनला खालचा बिलांचा प्रिंटर सापडला नसता.

खालच्या राउटरवर १०० ते १९९ हा पट्टा वाटपासाठी ठेवला. मुदत कमी करा, असं पुष्कळ जण सांगतात. दिवसभर गिऱ्हाइकं येणाऱ्या हॉटेलात ते बरोबर. घरात शंभर पत्ते असताना उगाच का हात लावा? चोवीस तासच राहू दिले. प्रिंटरचं मात्र वेगळं. त्याचा पत्ता बदलला की बिल अडतं. त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावरची मॅक पत्त्याची बारा चिन्हं राउटरमध्ये टिपून त्याच्यासाठी १९२.१६८.१.१५० राखून ठेवला. काही राउटर राखीव पत्ता वाटपाच्या पट्ट्यातलाच मागतात, काही बाहेरचा. याला आतला चालला.

“याची पागडी,” मावशी म्हणाल्या.

वरच्या राउटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं: ‘पत्ता १.२, वाटप बंद’. नेट अडलं की टाचणी घेऊन रीसेटचं छिद्र दाबायची सवय पुष्कळांना असते. तुमच्याही घरी असा दुसरा राउटर असेल तर त्या छिद्रापासून टाचणी लांब ठेवा. एकदा दाबलं की तो कारखान्यातून आला तसा होतो, आणि पुन्हा पत्ते वाटायला बसतो.