मींड आवरण्याची साधना : ट्रॉम्बोनवादकाचे शिक्षण आणि व्यवसाय

लोहारा, उमरगा यांसारख्या धाराशिव जिल्ह्यातील गावांना पितळी वाद्यांचा परिचय होतो तो वरातीच्या बँडमुळे. सुषिर वाद्यांच्या अभिजात वादनाची परंपरा मात्र या परिसरास नवी नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सिद्राम जाधव यांनी सुंदरी या सनईच्याच जातीच्या लहान वाद्यास मैफलीत मान मिळवून दिला. छिद्रांनी तुकडे पाडलेल्या नळीतून अखंड मींड काढणे, ही या जातीच्या वाद्यांवरील साधनेची मोठी कसोटी होय. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ट्रॉम्बोन या वाद्याची कसोटी नेमकी याच्या उलट आहे. त्या वाद्यास मींड जन्मजात लाभलेली असते आणि वादकाची कित्येक वर्षे ती आवरण्यात खर्ची पडतात. त्याच्या शिक्षणाचे स्वरूप या एका गोष्टीवरून उलगडते.

ट्रॉम्बोनला छिद्रे नसतात. सुमारे पावणेतीन मीटर लांबीच्या पितळी नळीचा एक भाग दुसऱ्यावर सरकतो व नळीची लांबी वाढून स्वर उतरतो. या सरकत्या भागाची सात स्थाने मानली जातात; प्रत्येक स्थानागणिक स्वर अर्ध्या स्वराने खाली येतो. परंतु ही अंतरे सारखी नसतात. पहिल्या व दुसऱ्या स्थानांत सुमारे ८ सेंटीमीटरांचे, तर सहाव्या व सातव्या स्थानांत सुमारे ११ सेंटीमीटरांचे अंतर असते. नळीवर खुणा नसल्यामुळे स्थान ठरविण्याचे काम कानाकडे येते. एकाच स्थानी ओठांचा ताण बदलून निरनिराळे उपस्वर काढता येतात. मात्र सलग मींड सहा अर्धस्वरांपुरतीच, म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत, निघते.

हात सरकत असता श्वास चालूच राहिला, तर दोन स्वरांमधील सर्व नाद ऐकू येतात. तसे होऊ नये म्हणून जिभेने स्वराचा आरंभ करावा लागतो. तुटक स्वरासाठी 'त' आणि जोडस्वरासाठी मृदू 'द' असा जिभेचा आघात शिकविला जातो. जीभ, हात व श्वास यांचा मेळ क्षणभर चुकला तरी दोष उघडा पडतो. या अभ्यासासाठी जगभर वापरला जाणारा संग्रह मूळचा वाद्याचा नसून गळ्याचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोर्दोन्यी या गायनगुरूंनी रचलेले कंठसंगीताचे पाठ जोआनेस रोशू यांनी ट्रॉम्बोनसाठी योजून १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. वाद्याने गळ्याचे अनुकरण करावे, ही आपल्याकडील गायकी अंगाची कल्पना येथेही आढळते.

व्यवसायाचे क्षेत्र मात्र अत्यंत अरुंद आहे. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादकांच्या रांगा असतात, तर ट्रॉम्बोनच्या जागा सामान्यतः तीन. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तीत ट्रॉम्बोन पहिल्या तीन भागांत मूक असतो व चौथ्या भागात प्रथम वाजतो. दीर्घ काळ मात्रा मोजत थांबावे आणि आपली पाळी येताच पहिलाच स्वर निर्दोष लावावा, हेही शिक्षणाचे अंग होय. निवडीच्या वेळी मोत्सार्टच्या 'रेक्विएम' (१७९१) व राव्हेलच्या 'बोलेरो' (१९२८) यांतील एकल भाग वाजवावयास सांगण्याची प्रथा आहे. केवळ एकल वादनावर उपजीविका करणारे स्वीडनचे ख्रिस्तियन लिंडबर्ग (जन्म १९५८) यांच्यासारखे वादक अपवादात्मकच.

भारतात पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण गोव्यातील चर्चच्या शाळांतून रुजले. तेथे तयार झालेले वादक मुंबईत आले आणि हॉटेलांतील नृत्यवृंद, मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये स्थापिलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा व पुढे चित्रपटसंगीत यांत स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील ट्रॉम्बोनवादक ब्लास्को मॉन्सोरात हे या चित्रपटसंगीताच्या कालखंडाचे प्रतिनिधी होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत्‌वाद्ये आल्यावर ध्वनिमुद्रणातील ही मिळकत आटली. २००६ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. परंतु त्याच्या हंगामांसाठी अनेक वादक परदेशातून बोलवावे लागतात. ग्रामीण तरुणास खुला असलेला खात्रीचा मार्ग आहे तो सैन्यदलाच्या बँडचा. त्यासाठी पचमढी येथे १९५० पासून लष्करी संगीताचे शिक्षण दिले जाते.

यावरून असे दिसते की, उणीव श्रवणशक्तीची नाही. सूक्ष्म स्वरभेद ओळखणारा कान येथील संगीतपरंपरेने घडविलाच आहे आणि ट्रॉम्बोनला प्रथम हवा असतो तो असाच कान. उणीव आहे ती प्रारंभीच्या गुरूपासून वाद्यवृंदातील जागेपर्यंतच्या मधल्या पायऱ्यांची. शालेय बँड, नियमित सामुदायिक वादन व नियमित वेतन यांपैकी एखादी पायरी तुटली, की अनेक वर्षांची साधना वरातीपुरतीच उरते.