सगळ्यात गुटगुटीत कोकरूच का दगावतं?

सुगी उरकलेली, ज्वारी काढलेल्या रानात मेंढ्या बसवलेल्या. पहाटे वाघरीत पाहावं, तर कळपातलं सगळ्यात भरलेलं कोकरू ताठ पडलेलं. मान पाठीकडे ओढलेली, तोंडाशी फेस, पाय झाडून झाडून उकरलेली माती. काल संध्याकाळी तेच आईला ढुशा देत दूध पीत होतं. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं रानमालकाने काहीतरी टाकलं.

बऱ्याचदा हा आंत्रविषार असतो. नजरेची गोष्ट मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही, कारण तिच्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. हा रोग रोडक्या जनावरांपेक्षा धष्टपुष्टांनाच जास्त गाठतो. त्याचं कारण मात्र पोटात आहे.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ‘डी’ नावाचा जिवाणू मातीत असतो आणि ठणठणीत मेंढीच्या आतड्यातही थोड्या संख्येने नांदतो. म्हणूनच ‘शेजारच्या खांडातून रोग आला’ ही तक्रार सहसा चुकीची ठरते. जिवाणू आधीपासून घरचाच असतो, बदलतो तो चारा. पडलेली कणसं, पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत, भरपूर दुधाच्या मेंढीला झालेलं एकुलतं कोकरू, विक्रीसाठी वाढवलेला खुराक यांपैकी काहीही झालं, की न पचलेलं अन्न आतड्यात उतरतं आणि जिवाणू भराभर वाढतात. ते जे विष सोडतात ते सुरुवातीला जवळपास निरुपद्रवी असतं. त्याला धार लावतात ते मेंढीचेच पाचकरस! मग आतड्याची भिंत झिरपू लागते, विष रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि काही तासांत खेळ संपतो. जे कोकरू जास्त खातं-पितं, त्याच्या आतड्यात जिवाणूंचीही चंगळ.

‘कोवळं गवतच विषारी’ हा समज इथूनच आला. गवत बिचारं निर्दोष. अडचण एकदम पोटभर खाण्याची आहे. रानात सोडण्याआधी वाळली वैरण चारली, खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवला, तर धोका बराच कमी होतो.

निदानातही घोळ होतो. आतड्यात जिवाणू सापडले म्हणजे आंत्रविषार सिद्ध झाला, असं नाही. ते निरोगी मेंढीतही सापडतातच. मूत्रपिंड लिबलिबीत झालं ही खूण प्रसिद्ध असली, तरी मेल्यावर काही तास उलटले की ते कुजूनही मऊ पडतं. म्हणून ताज्या शवातला आतड्यातला द्रव प्रयोगशाळेत पाठवून त्यात विष आहे का, हे पाहावं लागतं. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर सुरी लावायची नाही. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते आणि ती माणसालाही होते. पशुवैद्यकाला बोलवा.

मर सुरू झाल्यावर प्रतिजैविकाची सुई टोचण्याची घाई सगळेच करतात. पण औषध जिवाणू मारतं, रक्तात गेलेलं विष नाही. उरलेल्या कळपाला त्या रानातून ताबडतोब हलवून वाळल्या चाऱ्यावर आणणं जास्त उपयोगी.

खरा उपाय लसीचा. पुण्याच्या औंधमधली शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही लस बनवते. २०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी वर्षातले अनेक महिने गावोगाव फिरत असतात. तिथेच गाडी अडते. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि तोवर मेंढपाळांचा वाडा पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. ‘गेल्या साली टोचलं होतं की, तरी मेली’ असं सांगतात, त्यातल्या बऱ्याच मेंढ्या एकाच डोसावरच्या निघतात. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये लस द्यायची. ‘गाभण मेंढीला टोचली तर ती गाभडते’ या भीतीपोटी नेमक्या त्याच मेंढ्या वगळल्या जातात. खरं तर विण्याआधी महिना-दीड महिना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, जनावर न दामटता डोस दिला, तर चिकातून कोकराला पहिल्या काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं.

बाटली थंड हवी, म्हणून काहीजण ती थेट बर्फात खुपसतात. गोठलेली लस वितळवून टोचली तरी तिच्यात जोर राहत नाही. मे महिन्यात रानापर्यंत नेताना बाटली कागदात गुंडाळून बर्फापासून वेगळी ठेवा.