आधी मासा, मग तंगूस

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या हौशी गळवाल्याला चंबळ अभयारण्य वर्ज्य. तिथे मासेमारीला बंदी आहे. जवळचं मोठं पाणी म्हणजे सांक नदीवरचं १९१६ सालचं तिघरा धरण, तेही परवानगी असेल तरच. ‘मोठ्यात मोठा मासा’ हेच उद्दिष्ट धरलं की हात जाड तंगुसाकडे जातो. पण जाड तंगूस ताठ असतो, आमिष लांब जात नाही. तो तुटत नाही ना, असं कोणी म्हणेल. तंगूस तुटतो बहुधा गाठीपाशी किंवा खडकाला घासलेल्या जागी. म्हणून शेवटचा हातभर भाग नखांतून ओढून पाहावा; खरखरला की कापावा. मग अगदी बारीकच का नको? झुंज लांबते, दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. दोन-तीन किलोच्या रोहूला ०.३० मिलिमीटरचा साधा नायलॉन पुरतो; तो ताणला जातो, हिसका पचवतो. विणलेली दोरी महाग, ताणत नाही, खडकावर लवकर झिजते. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवावा. मात्र १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते.