नाशिकची मेट्रो निओ: रूळ नसलेली ही मेट्रो असते तरी कशी?

सायखेड्याहून एसटीने नाशिकरोडला उतरायचं आणि तिथून मेट्रोने थेट गंगापूर गाठायचं. ऐकायला भारी वाटतं ना? ‘मेट्रो निओ’च्या आराखड्यात हा मार्ग आहे. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीरही झाले. पुढची काही वर्षं मात्र नाशिककर वाटच बघत राहिले.

मेट्रो निओ म्हणजे नेमकं काय?

रबरी टायरवर धावणारी, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी लांब जोडबस. म्हणजेच ट्रॉलीबस. मुंबईत बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबस चालवली होती. निओचा बहुतांश मार्ग मात्र पुलावरून, स्वतंत्र असेल. तिला मेट्रो म्हणायचं ते यामुळे.

मग नेहमीची मेट्रो का नाही?

कारण खर्च. निओला रूळ लागत नाहीत. गाडी हलकी, त्यामुळे पूल आणि स्टेशनंही आटोपशीर. पण एका गाडीत माणसं साधारण २०० ते ३००च मावतात. मुंबईच्या मेट्रो ३ ची गाडी ८ डब्यांची आहे. तेवढी गर्दी नाशिकमध्ये नाही, म्हणून छोटी गाडी, असं हे गणित.

तुमच्या कामाचं काय?

स्वतंत्र मार्ग हाच निओचा जीव आहे. तो काढला, तर ती इतर बसेससारखीच ट्रॅफिकमध्ये अडकेल. त्यामुळे पुढच्या वेळी घोषणा ऐकाल तेव्हा आकड्याआधी एक प्रश्न विचारा: गाडीला स्वतःचा रस्ता मिळणार आहे का? आणि सायखेडकरांनी दुसराही विचारावा: नाशिकरोडपर्यंत यायला एसटी वेळेवर मिळणार का?