रक्तातला वारसा

वडिलार्जित शेत मुलाकडे आले की पटवाऱ्याच्या दप्तरात त्याची नोंद होते. रक्तातून येणाऱ्या वारशाची नोंद मात्र कोठेही नसते. पुष्कळदा घरातले मूल अंथरुणास खिळल्यावरच तो कळतो. सिकलसेल हा रोग असाच आहे.

सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचीक असतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. या रोगात हिमोग्लोबिन सदोष असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नाश पावतात. म्हणून अंग फिके पडते, हाडे व सांधे असह्य ठणकतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला.

आता वारशाचा हिशेब पाहू. हिमोग्लोबिनच्या या घटकासाठी प्रत्येकाजवळ जणू दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची व एक वडिलांची. एकच चिठ्ठी सदोष असेल, तर तो माणूस केवळ वाहक होय, रोगी नव्हे. तो सहसा धडधाकट असतो. पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि दोषमुक्त असण्याचा चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने उचलल्या जातात. दोघांपैकी एकच वाहक व दुसरा दोषमुक्त असेल, तर हा रोग मुलांना होत नाही.

हा दोष कोणाच्या पापाचे फळ नव्हे. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तेथे वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळाले. म्हणून आफ्रिकेत, विदर्भात, मध्य भारताच्या रानपट्ट्यांत तो टिकून राहिला. आपल्या बुऱ्हाणपूरभोवती, नेपानगर व खकनारकडील कोरकू, भिल्ल, बारेला वस्त्यांना ही माहिती म्हणूनच अगत्याची आहे.

मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पूर्वी हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असा त्याचा संकल्प आहे. त्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते. परंतु त्या कागदाचे पुढे काय होते, हा प्रश्न विज्ञानाचा नसून नीतीचा आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत निरोगी वाहकांनाही प्रवेश नाकारला होता. आपल्याकडे ‘वाहक’ हा शब्द गावभर झाला, तर त्याची झळ मुलाहून मुलीला अधिक लागेल. तिचे स्थळ मोडेल, आणि तितकाच वाटा असलेल्या पुरुषाचे रक्त कोणी तपासणारही नाही.

म्हणून तपासणी संमतीने व्हावी, निष्कर्ष प्रथम त्याच व्यक्तीला, तिला समजेल अशा भाषेत सांगावा, आणि तिच्या अनुमतीवाचून शाळेत वा पंचायतीत वाचला जाऊ नये. विवाहापूर्वी मुलगा व मुलगी या दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक ठरले, तर विवाह करावा की नाही, अपत्याचा विचार कसा करावा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनीच ठरवावे. त्यांच्या वतीने निकाल देण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही.