फुटलेली जाहिरात : खरी कोणती, बनावट कोणती?

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपून चुकारे हाती पडू लागले, की घराघरांत मोठ्या खरेदीचे बेत सुरू होतात. पूर्वी या बेतांत सायकल आणि रेडिओ असत. आज त्यांच्या जागी स्मार्टफोन आला आहे. हा खर्च चैनीचा आहे असे म्हणणे आता धाडसाचे ठरेल. ई-पीक पाहणीची नोंद, बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास अशी अनेक कामे याच यंत्रावर होतात. आणि नेमक्या याच दिवसांत, बाजारात अद्याप न आलेल्या एखाद्या फोनची ‘फुटलेली’ जाहिरात व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरू लागते.

गतवर्षी दिवाळीनंतर देवरी तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी अशीच एक जाहिरात प्रस्तुत लेखकास दाखविली. एका नामांकित कंपनीचा आगामी फोन, किंमत निम्म्याहून कमी, आणि ‘आगाऊ नोंदणी केवळ ४९९ रुपये’. “साहेब, ही खरी आहे की खोटी, एवढेच सांगा,” असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की जाहिराती खरोखरच फुटतात. परीक्षेचा पेपर जसा छापखाना, वाहतूक किंवा परीक्षा केंद्र यांपैकी कोठून तरी बाहेर पडतो, तसेच हे आहे. नवा फोन येण्यापूर्वी त्याची मापे फोनची आवरणे बनविणाऱ्या कारखान्यांकडे गेलेली असतात, फलक विक्रेत्यांकडे पोचलेले असतात आणि नोंदणीचे कागद शासकीय कार्यालयांत दाखल झालेले असतात. ॲपल कंपनीचा, तोवर जाहीर न झालेला आयफोन ४ कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात विसरला गेला आणि एप्रिल २०१० मध्ये त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. तो खरा की खोटा, हा वाद फार दिवस चालला नाही. कारण ‘आमची वस्तू आम्हांस परत करावी’ असे पत्र खुद्द कंपनीनेच पाठविले. मालकाने मागणी केली, म्हणजे माल खरा, इतका तो साधा पुरावा होता.

याउलट सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच कंपनीच्या नावाने एक जाहिरात पसरली. नव्या प्रणालीमुळे आयफोन मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवून चार्ज करता येतो, असे तीत म्हटले होते. अक्षरांचे वळण, मांडणी, भाषेचा थाट, सर्व काही अस्सलासारखे होते; मजकूर मात्र निव्वळ थाप होता. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनाही नागरिकांना सावध करावे लागले. ॲपलच्या जाहिरातींतील फोनवर बहुधा ९ वाजून ४१ मिनिटे ही वेळ दिसते. पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी ज्या सुमारास लोकांपुढे आला, त्या वेळेची ती खूण आहे. अशा खुणा जाणकार तपासतात खरे. पण जाणकारास जी खूण ठाऊक असते ती नकल करणाऱ्यासही ठाऊक असते. त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्दोष चित्र काही क्षणांत तयार होते. वाकडे अक्षर, चुकलेली सावली किंवा अशुद्ध मराठी आढळल्यास जाहिरात संशयास्पद समजावी. परंतु असा दोष आढळला नाही म्हणून ती खरी मानू नये.

मग पाहावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशातील एका प्रकरणात मिळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडा येथील रिंगिंग बेल्स या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. ही जाहिरात फुटलेली नव्हती, ती वृत्तपत्रांत रीतसर छापून आलेली होती. आणि म्हणूनच ती अधिक बोधप्रद आहे. कागद खरा, छपाई खरी, कंपनीही नोंदलेली. शंका होती ती वचनाविषयी. उद्घाटनाच्या निमित्ताने तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव पुढे करण्यात आले होते. प्रत्यक्षात ते उपस्थित राहिले नाहीत. पत्रिकेवरील थोर नाव पाहून निर्धास्त होण्याची सवय आपल्याकडे बरीच जुनी आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.

त्या वेळी ज्यांनी साधा हिशेब मांडला, त्यांना उत्तर लगेच सापडले. भ्रमणध्वनी उत्पादकांच्या संघटनेने शासनास कळविले, की अशा फोनचे सुटे भाग स्वस्तात स्वस्त ठिकाणाहून आणले तरी सुमारे २,७०० रुपये लागतात आणि कर व विक्रेत्याचा नफा धरता किंमत ४,१०० रुपयांच्या आसपास जाते. ईशान्य मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनीही या योजनेविषयी जाहीर शंका घेतली. पत्रकारांना दाखविलेल्या फोनवर ‘ॲडकॉम’ या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. नोंदणीचे संकेतस्थळ गर्दीने कोलमडले आणि स्वीकारलेले पैसे परत करण्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून गाझियाबाद येथे कंपनीच्या संचालकास अटक झाली.

तेव्हा जाहिरातीच्या चित्राकडे टक लावून बसण्यापेक्षा तिच्याबाहेरच्या गोष्टी विचाराव्यात. हे चित्र सर्वप्रथम कोणी प्रसिद्ध केले? कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याचा मागमूस आहे काय? आपल्या देशात भ्रमणध्वनी संच विक्रीस आणण्यापूर्वी भारतीय मानक ब्युरोकडे त्याची नोंदणी अनिवार्य आहे. त्यामुळे आगामी फोनचा मॉडेल क्रमांक पुष्कळदा जाहिरातीआधीच तेथील नोंदीत सापडतो. संचावरील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर कोणासही तपासता येतो. संच हाती आल्यावर *#०६# दाबून मिळणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर पडताळून घ्यावा.

सर्वांत मोठी कसोटी पैशाची आहे. अस्सल फुटलेली जाहिरात वाचकाकडे काहीच मागत नाही. कंपनीला ती बाहेर यायलाच नको असते. जी जाहिरात ‘गुप्त’ म्हणविते आणि त्याच दमात पैसे भरावयास सांगते, ती फुटलेली नसून पेरलेली असते. सांगितलेल्या किमतीस वस्तू पुरविण्याची वाजवी शक्यता नसताना आमिष दाखविणे हे ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख व पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. अर्थात, हा दंड ज्याला नाव-पत्ता आहे त्यालाच करता येतो. व्हॉट्सॲपवरील अनामिकासाठी १९३० हा सायबर साहाय्य क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम मध्येच अडविली जाण्याची शक्यता अधिक. वस्तू किंवा विक्रेत्याविषयी तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

देवरीच्या त्या सदस्यांसमवेत ही पडताळणी केली, तेव्हा मॉडेल क्रमांक कोठेही नव्हता आणि ४९९ रुपये कंपनीच्या नव्हे, तर कोणा व्यक्तीच्या खात्यावर भरावयाचे होते. त्यांनी पैसे भरले नव्हते; पुतण्याने आदल्याच रात्री भरले होते, तेही स्वतःचे आणि तीन मित्रांचे. तेथूनच १९३० वर दूरध्वनी करून तक्रार नोंदविण्यात आली. ती जाहिरात गावाच्या ज्या गटावर आली होती, त्यावर त्या पुतण्याने सायंकाळी स्वतःच्या नावानिशी सर्व हकिगत लिहिली. त्यानंतर आणखी दोघांनी आपणही पैसे भरल्याचे सांगितले.