केडगावच्या माउलीची चिकाटी

आमच्या मलकापुरात शेजारी राहणारी एक तरुण सून दर रविवारी चर्चच्या बायकांबरोबर कराडच्या दवाखान्यात आजाऱ्यांसाठी पेज घेऊन जाते. परवा म्हणाली, "वहिनी, सोडून द्यावंसं वाटतं हो! घरचे हसतात, आणि ज्यांना पेज देते तेही कधी वळून बघत नाहीत."

मला एकदम पंडिता रमाबाई आठवल्या.

दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा गेला, कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदासदन काढले. पुण्यातल्या मोठ्या माणसांनी आधी पाठिंबा दिला. पण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा गवगवा झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. दिलेला शब्द मोडला असे त्यांना वाटले, त्यांचेही अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. पण रिकाम्या झालेल्या खोल्यांतून फिरताना बाईंना काय वाटले असेल!

बाई उरलेल्या मुलींना शिकवीत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, इतक्या जणींना ठेवायचे कुठे? फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड-दोन हजार बायका-मुली झाल्या. आपल्या घरी चार पाहुणे वाढले तर कणकेचा डबा खरवडावा लागतो. इथे रोजचे दळण, पाणी, आजारपणे, बाळंतपणे! त्यात नुसते अन्न देऊन भागत नव्हते. विणकाम, शेती, शिवण, छपाई, जिला जे जमेल ते शिकवायचे, म्हणजे उद्या तिला कुणापुढे हात पसरायला नको.

हे सांभाळून बाईंनी बायबल मराठीत आणायला घेतले, तेही अडाणी बाईला समजेल अशा सोप्या मराठीत. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच मुली. कान जवळजवळ गेले होते. १९२१ मध्ये मनोरमा, कामातला उजवा हात, चाळिशीत वारली. बाईंनी मुद्रिते पुढे ओढली. शेवटचे पान तपासून झाले आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात.

शेजारीण ऐकत होती. मग म्हणाली, "केडगावला जायचं कसं हो?"

म्हटलं, "कराडहून कोयनेनं पुणे, तिथून दौंडकडची गाडी. मुक्ती मिशन अजून चालू आहे. पण रविवार सोडून जा, पेज राहील."